सलग भिंत आणि हळदीची रोषणाई

भिंतीला भोक पाडू नये, एवढेच माझे म्हणणे होते. ते मी उभा जन्म ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या तीन गावांत मांडत आलो. लोकांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग भोक पाडले.

मी वास्तुविशारद आहे. या पेशाविषयी आपल्याकडे दोन समज आहेत. पहिला, हा माणूस शौचालय कोणत्या दिशेला असावे ते सांगतो. दुसरा, नकाशा मंजूर झाला की याचे काम संपले. पहिल्या प्रश्नाला मी "जिथे नळ पोहोचेल तिथे" असे उत्तर देतो. दुसऱ्याला उत्तर नाही, कारण तो समज बराचसा खरा आहे. चावी दिली की इमारत आपली राहत नाही. नव्या घरात दूध उतू जाण्याआधी ग्रिलवाला माप घेऊन जातो. खिडकीबाहेर लोखंडी पिंजरा लागतो. पिंजऱ्यात तुळस, तुळशीमागे रिकामा सिलिंडर, सिलिंडरवर वाळत घातलेले पायपुसणे. मग एसीचा बाहेरचा डबा येतो, कपड्यांची दांडी येते, टीव्हीची तबकडी येते. कल्याणला माझी पहिली इमारत अजून उभी आहे. तिच्यावर बाहेरून इतके लोखंड चढले आहे की आत काँक्रीट कशाला घातले, असा प्रश्न मलाच पडतो.

इतरांना बोलण्याचा मला फारसा अधिकार नाही. डोंबिवलीतल्या माझ्या स्वतःच्या घराला ग्रिल लागले तेव्हा मी दोन दिवस पुण्याला होतो. परत आलो तेव्हा खिडकीत पिंजरा होता आणि पिंजऱ्यात कोथिंबीर पेरलेली होती.

"विचारायचे तरी होते," मी म्हणालो.

"विचारले असते तर तुम्ही नाही म्हणाला असता," पत्नी म्हणाली. "इमारत तुमची. खिडकी माझी."

पेशाच्या शेवटच्या वर्षांत मी उष्णतारोधक आवरणाकडे वळलो. कल्पना साधी आहे. आपल्याकडे ऊन भिंतीवर पडते, भिंत तापते आणि रात्रभर ती उष्णता आत सोडत राहते. म्हणून भिंतीला बाहेरूनच उष्णता अडवणारा जाड थर द्यायचा. पण तो थर सलग असला पाहिजे. खांब, तुळई, छज्जा, बाल्कनी, लोखंडी हूक, यांपैकी जे काही थर फोडून बाहेरून आत जाते, ते आपल्याबरोबर उष्णताही आत नेते. निवासी इमारतींच्या भिंतींतून किती उष्णता आत यावी, याला आता नियमांनी मर्यादा घातली आहे. इमारत पुरी झाल्यावर वास्तुविशारदाने 'बाह्य आवरण सलग आहे' अशा अर्थाच्या वाक्याखाली सही करायची असते. अशा वाक्याखाली एकदा तरी मला खरी सही करायची होती. दुसरी काही इच्छा उरली नव्हती.

अशा वेळी घोडबंदर रोडच्या आतल्या एका गावातून एक जमीनमालक माझ्याकडे आला. त्याच्या आधीच्या पिढ्या भात लावत आणि मिठागरावर राबत. त्याच्या पिढीत शेतांवर टॉवर उभे राहिले. एक तुकडा त्याने विकला नव्हता. त्यावर भावकीसाठी सात मजल्यांची इमारत बांधायची होती. तोपर्यंत त्या जागेवर त्यानेच पूर्वी बांधलेला सिमेंटचा बंगला होता.

"सायेब, तुमी भितीला सेटर घालताव असं आयकलंय," तो म्हणाला. "आपल्याकरं सेटर कन्ला? हितं मानूस आंगान बनियन पन ठेवत नाय."

मी जागा पाहायला गेलो. मे महिना होता. बंगल्यात चार खोल्यांत चार एसी गुरगुरत होते आणि त्याची आई खाली मोटारीच्या छपरीत खाट टाकून बसली होती. एसीच्या वाऱ्याने तिचे गुडघे धरत आणि एसी बंद केला की खोलीत बसवत नसे. म्हणून उन्हाळाभर ती मोटारीजवळ राही. पाहुणे तिथेच येत. मोटार बाहेर उन्हात उभी असे.

"या घरान भाकर भितीवर थापली तं भाजंल," ती मला म्हणाली. "तवा लागत नाय."

मी तिला थर म्हणजे काय ते सांगितले. मासळीची बर्फाची पेटी असते, तिची भिंत जाड असते, बाहेरचे ऊन आत येत नाही. इमारतीला तशीच पेटी करायची. मात्र पेटीला भोक पडता कामा नये.

"भोक परलं कं बरफ गेला," ती म्हणाली. मग मुलाकडे वळून, "समजला क तुना?"

"समजला, आये."

काम ठरले. आणि लगेच मालकाचा मेव्हणा आला.

हा मेव्हणा, म्हणजे मालकाच्या पत्नीचा धाकटा भाऊ, मांडव, मखरे आणि रोषणाईचा धंदा करी. मखरांसाठी थर्माकोलवर बंदी आल्यापासून विठ्ठलवाडीच्या त्याच्या गोदामात थर्माकोलचे तक्ते छतापर्यंत पडून होते. उष्णता अडवण्यासाठी थर्माकोल वापरतात, हे त्याच्या कानावर गेले होते. ते खोटे नव्हते. तो एक तक्ता काखेत घेऊनच आला. त्याला महिरप कोरलेली होती आणि कडेला दोन मोर होते.

"भावजी, घरचा माल हाय," तो म्हणाला. "भायेरून कन्ला आनायचा?"

"उंच इमारतीच्या बाहेर पेट घेणारी वस्तू चालत नाही," मी म्हणालो. "नियम आहे. खालच्या मजल्यावर आग लागली तर या थरावरून ती वर चढते."

"सायेब, याच्यान गनपती बसला दहा दिस. समया लावून. त्याला कं झालं?"

"गणपती दहा दिवसांनी उठून गेला. माणसे राहणार आहेत."

हे बोलून पटेना. मी काड्यापेटी मागितली. माझ्याबरोबर दगडापासून काढलेल्या लोकरीचा एक तुकडा होता. दिसायला तो मळक्या घोंगडीसारखा असतो. त्याखाली काडी धरली. काडी संपली, तुकडा होता तसाच राहिला. मग काडी मोराला लावली. मोर आधी आक्रसला, मग वितळला आणि त्याचा एक जळता काळा थेंब मेव्हण्याच्या नव्या चपलेवर पडला. चपलेला भोक पडले.

त्या दिवसापासून आमचे संबंध बिघडले.

बांधकाम सुरू झाले. बाल्कन्या मी इमारतीच्या पोटातून काढल्याच नाहीत. त्या स्वतंत्र खांबांवर उभ्या केल्या आणि इमारतीला अगदी मोजक्या ठिकाणी टेकवल्या. एसीचे डबे त्या बाल्कन्यांवर ठेवायचे आणि त्यांच्या नळ्या एकाच बंदिस्त मार्गाने आत न्यायच्या. मालकाची मुलगी घोडबंदर रोडवरच्याच एका कंपनीत संगणकाचे काम करी. ती एका रविवारी पाहायला आली.

"काका, बाल्कनी रुसलीये का? बाजूला उभी राहिलीये."

"ती बाजूला उभी आहे म्हणूनच तुमची खोली थंड राहील."

"अच्छा. म्हणजे डिस्टन्स मेंटेन केलं की रिलेशन चांगलं राहतं."

विधान बरोबर होते.

लोकरीचे तक्ते भिंतीवर चढू लागले. प्रत्येक तक्ता आधी चिकटवतात, मग रुंद डोक्याच्या प्लास्टिकच्या खुंट्यांनी भिंतीला जखडतात. नेमका त्याच दिवशी मेव्हणा रस्त्यावरून चालला होता. परांचीखाली थांबून त्याने मान वर केली.

"ओ सायेब! भितीला भोक परायचा नाय ना? मंग यो कं चाललाय? तुमी सोता शेकड्यानी पारताव!"

कामगार थांबले. माणसाने प्रश्न योग्य विचारला होता, हे मला मान्य करावे लागले. मनातल्या मनात केले.

"या खुंट्या प्लास्टिकच्या आहेत. त्यांतून जाणारी उष्णता हिशेबात धरलेली आहे. हिशेबातला खिळा वेगळा, बिनहिशेबी वेगळा."

"म्हंजे तुमचा खिला शाना आनि आमचा येरा," तो म्हणाला आणि हसत निघून गेला. कामगारही हसले. मी त्यांना कामाला लावले.

गिलावा झाला, रंग झाला. पश्चिमेची भिंत अंगणाकडे तोंड करून होती, तळापासून गच्चीपर्यंत मोकळी. तिच्यावर एक दांडी नव्हती, एक हूक नव्हता. अशी भिंत मी आयुष्यात कागदावर काढली होती, पाहिली नव्हती. तिच्या रक्षणासाठी मी पाटी रंगवून घेतली: 'या भिंतीस भोक पाडण्यास सक्त मनाई आहे.' रंगारी पाटी घेऊन भिंतीपुढे बराच वेळ उभा राहिला.

"साहेब, ही कुठं ठोकू?"

पाटी आम्ही विटांच्या आधाराने जमिनीवर उभी केली. संध्याकाळपर्यंत तिला टेकून कोणीतरी सायकल लावली.

अग्निशमन खात्याची तपासणी व्हायची होती. ती झाल्यावर माझी सही, आणि सही झाल्यावर राहायला जाण्याचा दाखला. तोवर कुटुंब जवळच भाड्याच्या घरात होते. आणि त्याच सुमारास मुलीचे लग्न ठरले. मुलगा खडवलीचा.

त्यांच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी असते. लग्न एकदाचे उरकतात. हळद मात्र गाजवतात. मांडव नव्या इमारतीच्या अंगणात घालायचा ठरला. मांडवाचा मुहूर्ताचा खांब जमिनीत रोवतात, भिंतीत नव्हे. याबद्दल पूर्वजांचे मी प्रथमच मनापासून आभार मानले. ते आभार दोन दिवस टिकले. तिसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला.

"सायेब, तुमी जरा येताव क? वाईच पेच झालाय."

मी गेलो. अंगणात मेव्हणा उभा होता. त्याच्या पायाशी दिव्यांच्या माळांच्या गोण्या, हातात ड्रिल मशीन आणि शेजारी लोखंडी हुकांनी भरलेली बादली. भाचीच्या हळदीची रोषणाई हा मामाचा मान. त्याने गच्चीपासून जमिनीपर्यंत पश्चिमेची पूर्ण भिंत दिव्यांच्या पडद्याने झाकायची ठरवली होती. त्यासाठी दर हातभर अंतरावर एक हूक लागणार होता.

"हे मशीन खाली ठेवा," मी म्हणालो.

"सायेब, माझी भाची हाय. यकुलती यक."

"भिंतही एकुलती एक आहे."

"पलीकरच्या गल्लीन येका हलदीला अशी लायटिंग केलती कं पुलावरना दिसं. आनि आमची पोरगी कं अंधारान हलद लावनार? लोक मना इचारतील, मामा मेला क?"

मालक दोघांच्या मधे उभा होता आणि दोघांकडेही पाहत नव्हता. "सायेब," तो हळूच म्हणाला, "नंतर भोका बुजवता नाय येनार?"

"बुजवता येतात. पण मग भिंत सलग आहे असे मी लिहून देऊ शकणार नाही. एक जरी हूक बसला तरी सही नाही. दुसरा वास्तुविशारद शोधा. तो करील सही. पुष्कळ आहेत."

ही धमकी मी शांतपणे दिली. धमकी नव्हतीही, तसेच होणार होते. भावकीतली तीन घरे सामान बांधून दाखल्याची वाट पाहत होती, हे मला माहीत होते. मालकाने कपाळ पुसले.

"यकीकरं मेवना, यकीकरं सायेब. मी कं मधी चिरडाला जन्मलू?"

तेवढ्यात नवरी मुलगी कामावरून परतली. स्कूटर उभी केली, हेल्मेट काढले आणि सगळे ऐकून घेतले.

"मामा, तू भोकं पाडायची नाहीत. विषय संपला," ती म्हणाली. मेव्हणा काही बोलणार, तोच ती माझ्याकडे वळली. "आणि काका, तुम्ही नाही म्हणायचंच कॉलेजमध्ये शिकलात का? नाही म्हटलं की काम संपलं? कसं करायचं ते पण सांगा ना."

असे मला यापूर्वी कोणी बोलले नव्हते. मी डोंबिवलीला परत आलो आणि टेबलाशी बसलो.

दुसऱ्या दिवशी नकाशा तयार होता. शीर्षक, 'हळद रोषणाई: पश्चिम दर्शनी भाग'. उत्तर दिशेचा बाण, प्रमाण, माझी सही, सगळे होते. गच्चीच्या कठड्याला आतल्या बाजूने रंगाऱ्यांच्या दोरांसाठी लोखंडी कड्या मी आधीच बसवल्या होत्या. त्यांना दोर बांधायचे, कठड्याच्या धारेवर जुन्या टायरचे तुकडे ठेवायचे, दोर खाली सोडायचे आणि प्रत्येक दोराच्या टोकाला वाळूची गोणी बांधून तो ताणायचा. माळा भिंतीला नव्हे, दोरांना. भिंतीत आणि माळांत वीतभर अंतर. खिळा शून्य.

मेव्हण्याने नकाशा उलटासुलटा करून पाहिला.

"लायटिंगचा पन पलान! मंग मंजुरी कोनाकरना घ्यायची?"

"माझ्याकडून. मिळालेली आहे."

"आनि वारा आला तं?"

"वाळू पुरेशी भरा," मी म्हणालो.

त्याने माझ्या हिशेबापेक्षा कमी भरली. गोण्या उचलून त्याची माणसे कंटाळली, हे मला नंतर समजले.

हळदीच्या संध्याकाळी दिवे लागले तेव्हा अंगणातली सगळी माणसे एकदम "हाऽऽ" म्हणाली. पश्चिमेची भिंत गच्चीपासून खालपर्यंत पिवळी झाली. भिंतीला एकही ओरखडा नव्हता. मी मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसलो होतो. मला समाधान वाटले असावे.

मग खाडीकडून वारा सुटला.

आधी एक दोर हलला, मग दुसरा, आणि पाहता पाहता दिव्यांचा सबंध पडदा डावीकडून उजवीकडे झुलू लागला. त्याच वेळी डीजेवर ताल बदलला. दोन्हींचा मेळ कसा जमला ते सांगता येणार नाही, पण जमला. नाचणारी मंडळी थांबून वर बघू लागली. मेव्हण्याचा चेहरा पांढरा पडला. क्षणभरच. मग त्याने निवेदकाच्या हातातून माईक ओढून घेतला.

"मंडली! आपले गावान पयल्यांदाच! नाचनारी लायटिंग! मामाकरना भाचीला!"

शिट्ट्या वाजल्या, टाळ्यांचा कडकडाट झाला. मालकाने मेव्हण्याला मिठी मारली. मला मात्र दुसरेच दिसत होते. कोपऱ्यातल्या दोराची गोणी हलकी होती. ती झोके घेत घेत भिंतीकडे चालली होती. आणखी एक झोका, आणि ती गिलाव्यावर आपटली असती. मी उठलो, नाचणाऱ्यांतून वाट काढली आणि गोणीला दोन्ही हातांनी कवटाळून उभा राहिलो. ती मला घेऊन डावीकडे गेली, मी तिला घेऊन उजवीकडे आलो. वारा पडेपर्यंत असे चालले. मधल्या वेळात बायकांनी माझ्या दोन्ही गालांना हळद फासली. हात मोकळे नसल्यामुळे मला विरोध करता आला नाही.

हळदीचा व्हिडिओ सर्वत्र फिरला. तो डोंबिवलीत माझ्या पत्नीच्या मोबाइलवरही पोहोचला. तिने तो पुनःपुन्हा पाहिला.

"माझ्या भावाच्या वरातीत तुम्ही खुर्चीवरून उठला नव्हता," ती म्हणाली.

"मी नाचत नव्हतो. गोणी धरली होती."

"दिसतंय ना. किती प्रेमाने धरलीय."

त्या मोसमात मेव्हण्याला नाचणाऱ्या लायटिंगची मागणी सगळीकडून आली. दोन ठिकाणी वारा नव्हता. तिथे त्याने गच्चीवर माणसे ठेवून दोर हलवले, असे ऐकले. त्याने मला वाटेत गाठून नमस्कार केला आणि पुढच्या कामाचा नकाशा कधी देताव, असे विचारले. मी दिला नाही.

लग्न झाले, मुलगी खडवलीला गेली. दिवे उतरले. मी दुर्बीण घेऊन भिंत तळापासून माथ्यापर्यंत तपासली. निर्दोष होती.

मग अग्निशमन खात्याचे अधिकारी तपासणीला आले. तरुण आणि संशयी होते; दोन्ही गुण त्या कामाला आवश्यक आहेत. जिने, नळ, पाण्याच्या टाक्या पाहून ते पश्चिमेच्या भिंतीशी थांबले. कागदपत्रे माझ्याकडे होती, तरी त्यांनी उरलेल्या लोकरीचा तुकडा मागवला, खिशातून लायटर काढला आणि ज्योत धरून ठेवली. तुकड्याला काही झाले नाही. शेवटी लायटर तापला आणि साहेबांनीच बोट झटकले. ते मागे सरकले. भिंतीकडे वरपर्यंत पाहिले.

"सर, खरं सांगतो. एवढी तपासणी केली, पण अशी भिंत नाही पाहिली. एक खिळा नाही, एक डाग नाही. काय सुरेख दिसतेय."

मालकाची आई तेव्हा अंगणात खुर्ची टाकून बसली होती. तिने एकदा अधिकाऱ्याकडे पाहिले, एकदा भिंतीकडे पाहिले आणि पदर सावरला.

त्यांचा शेरा अनुकूल आला. आता फक्त माझी सही राहिली होती. एका सकाळी मी अंतिम नकाशा आणि ते वाक्य लिहिलेला कागद घेऊन गेलो. मालकाने पेढे आणून ठेवले होते. मेव्हणाही आला होता. सहीपूर्वी भिंतीला एकदा फेरी मारावी म्हणून मी अंगणात उतरलो.

पश्चिमेच्या भिंतीवर, माणूस स्टुलावर चढून जिथे हात पोहोचवील तिथे, एक काळी बाहुली लोंबत होती. लोकरीचे केस, कवडीचे डोळे. बाहुलीच्या डोक्यावर खिळा होता.

मागे मालक आला. त्याने पाहिले आणि पेढ्यांचा पुडा तिथेच जमिनीवर ठेवला.

"कोनी?" तो ओरडला. "कोनी ठोकला यो?"

"मी," आई म्हणाली. ती दारात उभी होती. "मीच ठोकला. वरडतस कन्ला?"

"आये! सायेबांनी यवरं सांगितलं..."

"तो आगीवाला सायेब बोलला ना, अशी भित बगली नाय म्हनून? तवाच मना समजलं, आता भितीला नजर लागनार. पोर यवरा गोरागोमटा असला तं आपुन त्याला तीट लावल्याबिगर भायेर काढतो क? आनि ही भित उघरी! येनारा जानारा बगते, नावाजते. येक दिस तरकंल तवा समजंल." मग ती माझ्याकडे वळली. आवाज जरा खाली आणला. "तुमी यवरे जीव लावून बांधलीव. तुमाला नाय सुचायचं. म्हनून मी लावली."

मेव्हणा मागे खांबाला टेकून उभा होता. "आमी ठोकला असता तं सायेबांनी आमाला कोरटान नेलं असतं," तो म्हणाला.

"तू गप," मालक आणि आई एकदम म्हणाले.

मी जवळ जाऊन खिळा पाहिला. आईने खिळ्यांच्या त्याच पुडीतला दुसरा खिळा मला आणून दिला. तो मी थराच्या उरलेल्या तुकड्यावर धरून पाहिला. खिळा थरापेक्षा आखूड होता. म्हणजे तो लोकरीतच थांबला होता. आतल्या भिंतीला टेकला नव्हता. तरी गिलावा फुटला होता आणि पावसाचे पाणी त्या वाटेने आत गेलेच असते.

"सायेब, काढून टाकू क?" मालकाने विचारले. स्टूल अजून तिथेच होते. आईने त्यावर हात ठेवला.

"नको," मी म्हणालो. "काढला तर भोक राहील."

हे तांत्रिक कारण होते आणि बरोबर होते. मी रंगाऱ्याकडून सिलिकॉनची नळी आणवली, स्टुलावर चढलो, बाहुली बाजूला धरली आणि खिळ्याभोवती स्वतः सांधा भरला. स्टूल आईने धरले होते. उतरल्यावर तिने बाहुलीचे केस सारखे केले.

मग सहीचा प्रश्न आला. मालकाच्या मोटारीच्या बॉनेटवर कागद पसरला. तिघे भोवती उभे राहिले. 'इमारतीचे बाह्य आवरण सलग आहे' हे वाक्य मी दोनदा वाचले. त्याखाली माझ्या हाताने लिहिले, 'पश्चिमेस, तळमजल्यावर, एक खिळा. थर पूर्ण भेदलेला नाही. सांधा भरला आहे.' नकाशात त्या जागी ठिपका दिला आणि बाणाने नाव लिहिले: 'तीट'. मग सही केली. सही नेहमीपेक्षा मोठी आली.

पालिकेत त्या ठिपक्यावर नकाशा आठवडाभर अडला. अखेर एक लेखी शंका आली: सदर खिळा कायमस्वरूपी आहे की तात्पुरता, हे स्पष्ट करावे.

मी उलट टपाली कळवले: कायम.